पातळ तेलाचं अ‍ॅव्हरेज

“हलवा!” आबा म्हणाले, आणि आम्ही गाडी हलवायला लागलो.

एका बाजूने आई आणि मी, दुसऱ्या बाजूने धैर्यशील. आबा स्वतः टाकीच्या तोंडाशी वाकून आत बघत होते. भर सकाळी पेट्रोल पंपावर तीन धडधाकट माणसं एका निळ्या गाडीला पाळण्यासारखी झुलवताहेत, हे दृश्य अख्ख्या साताऱ्यात फक्त आमचं बर्गे घराणंच दाखवू शकत होतं. मागे दोन रिक्षा आणि एक टेम्पो खोळंबला होता. टेम्पोवाला तर खाली उतरून हाताची घडी घालून बघत होता.

“आबा, आता बाहेर यायला लागलं बघा,” पंपावरचा माणूस म्हणाला.

“येऊ दे. टाकीत हवा अडकते. हवा गेली की अजून मावतं. हलवा!”

टाकी फुल करणं म्हणजे पेट्रोल काठाला डोळ्यांनी दिसणं, अशी आबांची व्याख्या होती. मग प्रवास करायचा, परत याच पंपावर यायचं, याच नळीनं, अशीच हलवून टाकी भरायची. म्हणजे गाडी लिटरला किती किलोमीटर देते ते चोख कळतं. याला आबा शास्त्र म्हणत. मी तेव्हा ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवत होते, त्यामुळे शास्त्रातलं मला काही कळत नाही हे आमच्या घरात सर्वमान्य होतं.

त्या दिवशी मात्र मी जिवाच्या आकांताने गाडी हलवत होते. कारण त्या दिवसाच्या फेरीवर माझं लग्न ठरायचं होतं. गाडीनं चांगलं अ‍ॅव्हरेज दिलं, तर आबा धैर्यशीलला होकार देणार होते. नाही दिलं, तर नाही. यात अलंकारिक काहीही नाही, आबांनी तसं स्वच्छ सांगितलं होतं.

माणसं भेटली की एकमेकांना ‘काय, कसं काय’ विचारतात. आबा विचारत, “किती देते?” लग्नात, बारशात, एकदा तर दहाव्याच्या घाटावर. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांना हाच एक उद्योग उरला होता. त्यामुळे माझ्यासाठी आलेली स्थळंही याच मापाने मोजली जात. पहिला आला तो पुण्याचा डॉक्टर. कांदेपोहे झाले, आणि आबांनी विचारलं, “तुमची किती देते?” तो बिचारा म्हणाला, “कधी बघितलं नाही हो.” आबांनी त्याच्या हातातली कपबशी तेवढी काढून घेतली नाही. दुसरा इंजिनिअर होता. त्याला विचारलं, “तेल कुठलं घालता?” तो म्हणाला, “मेकॅनिक घालतो ते.” तो गेल्यावर आबा आईला म्हणाले, “ज्याला गाडीच्या पोटात काय जातंय ते ठाऊक नाही, त्याला पोरगी द्यायची?”

आई म्हणाली, “खरंय.” आई नेहमी खरंय म्हणायची. तिच्या संसाराचं तेच वंगण होतं.

धैर्यशील जगदाळे आमच्याच कॉलेजात भूगोल शिकवायचा. नकाशे असे काढायचा की बघत राहावं. बोलायला गोड, हसायला मोकळा, आणि मला तो आवडत होता. त्याच्याकडे एक सायकल होती, आणि सायकलला तेल लागतं एवढंच त्याला तेलाबद्दल ठाऊक होतं. चुलत्यांच्या जीपवर गाडी चालवायला तेवढा शिकलेला. अशा माणसाला आबांसमोर उभं करणं म्हणजे बकरा स्वतःच्या हातानं खाटकाकडे नेणं. म्हणून मी त्याची शिकवणी घेतली.

स्टाफरूममध्ये दोन पेले मांडले. एकात मध, एकात पाणी.

“चमचा फिरव,” मी म्हटलं. “मधात जोर लागतो की नाही? इंजिनाचं तसंच. तेल दाट असलं की इंजिनाची थोडी ताकद ते तेल ढवळण्यातच जाते. पातळ असलं की पेट्रोल जरा कमी लागतं.”

“मग पाण्यासारखंच घालू की.”

“फार पातळ झालं तर दोन लोखंडांच्या मध्ये टिकणार कसं? लोखंडावर लोखंड घासणार. आणि आबांचं इंजिन म्हातारं झालंय. आतल्या फटी वाढल्यात. एकदम पातळ तेल घातलंस तर ते फटींतून वर जाऊन जळणार आणि मागनं धूर निघणार.”

“मग?”

“मग मधलं. गाडीच्या पुस्तकात जेवढे ग्रेड दिलेत, त्यांतलं त्यात पातळ. डब्यावर दोन आकडे असतात. पहिला गार असतानाचा, दुसरा गरम झाल्यावरचा. आणि मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. वेट, म्हणजे वजन, असं म्हणालास तर पोहेसुद्धा मिळायचे नाहीत.”

“पण साताऱ्यात बर्फ कुठं पडतो?” भूगोलाच्या मास्तरांनी विचारलं.

“आबांना हे विचारू नकोस.”

पोरगा हुशार निघाला. आठवड्यात तेलाच्या डब्यांवर जेवढं म्हणून छापलेलं असतं ते त्यानं पाठ केलं. मग एका रविवारी तो घरी आला. त्या सुमारास बाजारात नवं, अतिशय पातळ तेल आलं होतं आणि आबांना त्याचा ताप चढला होता.

“झीरो-ट्वेंटी,” आबा म्हणाले. “लिटरमागं दोन किलोमीटर वाढतात म्हणे. घालावं का?”

ही बढतीची परीक्षा होती. मी पोह्यांची ताटली हातात घेऊन दारातच थांबले.

“वाढेल ना आबा,” धैर्यशील म्हणाला. “पण नव्या इंजिनाला. आपल्या इंजिनाचं वय बघता टेन-फोर्टी बरं. पुस्तकातही बसतं, आणि आत्ताच्या ट्वेंटी-फिफ्टीपेक्षा हलकं पडतं.”

आबा त्याच्याकडे बघतच राहिले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “आपल्या इंजिनाचं,” ते म्हणाले. “ऐकलंस का गं? आपल्या इंजिनाचं म्हणाला.”

“खरंय,” आई आतून म्हणाली.

मी पोहे ठेवले. दोघांपैकी एकालाही मी कोण हे आठवेना. डब्यातलं तेल बोटावर घेऊन ते चिमटीत तपासत होते, आणि त्याच बोटांनी त्यांनी पोहे खाल्ले. तेल बदलायला रज्जाकभाईंच्या गॅरेजात गेले ते दोघं जोडीनं. रज्जाकभाई म्हणाले, “आबा, तुमची गाडी, तुमची मर्जी. खोबरेल घाला म्हणालात तर ते पण घालतो.” आबांनी त्यांना टेन-फोर्टीवर व्याख्यान दिलं. ते व्याख्यान मुळात माझं होतं, हा भाग वेगळा.

आणि आता ही प्रात्यक्षिक परीक्षा. सातारा ते पाचगणी, मावशीच्या घरी, आणि परत.

गाडीतून जास्तीचं वजन काढलेलं होतं. स्टेपनी घरी, जॅक घरी, मागच्या सीटखालचं पायपुसणंही घरी. मावशीसाठी आईनं लिंबाच्या लोणच्याची बरणी आणि पुरणपोळ्यांचा डबा घेतला होता, त्यावर थोडी वादावादी झाली, पण तो ऐवज आबांच्या मेव्हणीकडे जायचा असल्यामुळे त्यांना गप्प बसावं लागलं. खिडक्या बंद, कारण वारा गाडीला मागे ओढतो. आतला पंखा बंद, कारण तोही पेट्रोलच खातो. वाईपर्यंत आम्ही घामानं निथळत गेलो. माझं मन मात्र गार होतं, कारण पुढच्या सीटवर आबा आणि धैर्यशील यांचं गुळपीठ जमलं होतं.

वाईला चहा घेताना आबांनी खिशातून चावी काढली आणि धैर्यशीलच्या हातात दिली.

“घाट तुम्ही चढवा,” ते म्हणाले.

आईचा हात कपाशीच थांबला. माझ्या सख्ख्या काकांना आबांनी कधी ती चावी शिवू दिली नव्हती. मी गाडी शिकते म्हटलं तेव्हा म्हणाले होते, “क्लचचं वाटोळं करशील.” धैर्यशील टपरीमागे येऊन मला हळूच म्हणाला, “वैजू, जमलं गं! चावी दिली!” त्याचे डोळे चमकत होते. मीही हसले. अशी चूक आयुष्यात एकदा माणसाच्या हातून होते.

पसरणी घाटात मधोमध एक खडा चढ लागतो. तिथं रस्ता लांबचं वळण घेऊन वर जातो, आणि मधून एक पायवाट डोंगर कापत थेट वरच्या वळणाला मिळते. त्या चढाच्या पायथ्याशी आबांनी कायम गाडी थांबवलेली. कायम म्हणजे मला कळायला लागल्यापासून. गाडी थांबायची, आबा आरशात बघत म्हणायचे, “जरा पाय मोकळे करा,” आणि आई पिशवी उचलून उतरायची. मी मोठी झाल्यावर मीही उतरायला लागले. आम्ही पायवाटेनं वर जायचं, गाडी हलकी होऊन रस्त्यानं वर जायची, आणि वरच्या वळणावर आबा आमची वाट बघत थांबायचे. चढाला वजन कमी म्हणजे पेट्रोल कमी. घरात सगळ्यांत वजनदार माणूस आबाच होते, पण त्यांचं वजन बहुधा इंजिनाबरोबरच येत असावं.

धैर्यशीलला हे मी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. दुसऱ्यांच्या घरी देवघर असतं, तसं आमच्या घरी पसरणीच्या चढाला उतरणं होतं.

चढ दिसला. आबांनी तोंड उघडलं, पण त्यांना बोलावंच लागलं नाही. धैर्यशीलनं रस्त्याकडे बघितलं, वरच्या वळणाकडे बघितलं, भूगोलाच्या माणसासारखा डोळ्यांनी उतार मोजला, आणि अलगद गाडी कडेला घेतली. मग मागे वळून अगदी गोड आवाजात म्हणाला,

“आई, जरा पाय मोकळे करता का? चढ मोठा आहे. वैजू, तूपण. ती पायवाट वरच निघते.”

आबांनी चष्मा काढून पुसला. खरं सांगते, त्यांचे डोळे भरून आले होते. आपल्याला मुलगा नाही ही खंत त्यांनी कधी बोलून दाखवली नव्हती, पण ती त्या क्षणी फिटली.

आई मुकाट्यानं उतरली. मी उतरले. धैर्यशीलनं मागे हात घालून सीटवरची पिशवी उचलली आणि खिडकीतून आईला दिली. “हीपण असू दे बरोबर. बरणी जड आहे हो बरीच.”

गाडी हलकी होऊन भुर्रकन निघून गेली. धूर अजिबात नव्हता. तेल उत्तम निवडलं होतं.

आम्ही पायवाट धरली. ऊन चढलं होतं. मी पिशवी मागितली तर आईनं दिली नाही, सवयीनं दुसऱ्या खांद्यावर घेतली. थोडं वर गेल्यावर ती एका दगडावर टेकली आणि गुडघे चोळायला लागली.

“चांगला आहे की गं पोरगा,” ती म्हणाली. “आबांना एवढं कुणीच ओळखलं नव्हतं.”

“तुला कसा वाटतो?”

“मला?” हा प्रश्न तिला नवीन होता. तिनं थोडा विचार केला. “बरा आहे. पिशवी हातात दिली त्यानं. आबा खाली ठेवतात, मग वाकून घ्यावी लागते. एवढी सुधारणा आहे.”

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा मारायला आमच्या घरात मी होते. ती खरोखरच स्थळाची जमेची बाजू सांगत होती.

“आई, तू इथं पहिल्यांदा कधी उतरलीस?”

“लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. तेव्हा गाडी कुठली, स्कूटर होती. तू पोटात होतीस. आबा म्हणाले, चढाला दोन जिवांचं वजन होतंय, जरा चाल.” ती हसली. “मी चालले. वरच्या वळणावर पाणी घेऊन उभे होते. तसे जीव लावायचे.”

म्हणजे जन्माला यायच्या आधीच मी या चढाला उतरले होते. आणि आज ज्याच्याशी लग्न व्हावं म्हणून मध आणि पाणी ढवळत बसले होते, त्यानं मला पुढच्या सगळ्या जन्मासाठी इथंच उतरवलं होतं. आबांना निदान ही युक्ती स्वतः शोधायला लागली होती. याला ती बघताक्षणी सुचली होती. मला त्याचा राग आला नाही, भीती वाटली. आईच्या गुडघ्यांकडे बघून मला माझ्या गुडघ्यांची भीती वाटली.

खालून एस्टी येत होती, वाई-महाबळेश्वर. वरच्या वळणाच्या बरंच अलीकडे पायवाट एकदा रस्त्याला चाटून जाते, तिथं मी रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात वर केले.

“अगं, काय करतेस? ते वर थांबलेत!” आई म्हणाली.

“थांबू देत.”

ड्रायव्हरनं शिव्या देत ब्रेक दाबला. कंडक्टर दारात येऊन म्हणाला, “काय, गाडी बंद पडली का ताई?”

“नाही,” मी म्हटलं, “गाडी उत्तम चाललीय.”

आईला खिडकीची जागा मिळाली. तिनं बरणी मांडीवर घेतली. वरच्या वळणावर आमची निळी गाडी उभी होती. बॉनेट उघडं होतं. आबांनी तेलाची पट्टी उन्हात धरली होती आणि धैर्यशील रुमालाला लागलेल्या तेलाचा वास घेत होता. दोन डोकी एकमेकांना टेकली होती. एस्टी त्यांच्या शेजारून धडधडत गेली, पण एकानंही वर बघितलं नाही.

“किती उंच बसतं गं माणूस यात,” आई म्हणाली. “दरी दिसते सगळी.”

मावशीकडे आम्ही पोहोचलो, चहा झाला, मग ते दोघं आले.

“एस्टीनं आलात होय!” आबा दारातूनच म्हणाले. “आम्ही आपलं वर उभं. धैर्यशील म्हणाले, आल्या नाहीत. म्हटलं येतील.” मग त्यांना काहीतरी सुचलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. “एक काम करा. जाताना पण एस्टीनंच या. तेलाचा खरा गुण कळेल. फक्त स्टँडवर उतरून पंपावर या. टाकी हलवायला माणसं लागतात.”

मावशी आईकडे बघत राहिली. आई लोणचं वाढत होती.

परत आल्यावर मी एकटीच पंपावर गेले. आई स्टँडवरच्या बाकावर बसली. “सांग त्यांना, माझे गुडघे दुखतात,” ती म्हणाली. इतक्या वर्षांत हे वाक्य तिनं पहिल्यांदा आबांसाठी पाठवलं होतं. मी ते पोहोचवलं, पण आबांचं लक्ष नळीकडे होतं.

“हलवा!”

धैर्यशीलनं त्या बाजूनं जोर लावला. मी या बाजूनं गाडीवर हात ठेवला. नुसता ठेवला.

आबांनी भागाकार केला, पुन्हा केला, मग पंपावरच्या माणसाकडूनही करून घेतला. कायम चौदाच्या आसपास देणाऱ्या गाडीनं साडेअठरा दिले होते. आबांनी पंपावरच्या सगळ्यांना कंदी पेढे वाटले. सकाळचा टेम्पोवाला नव्हता, नाहीतर त्यालाही मिळाला असता. “तेलाची कमाल!” ते म्हणत होते. “टेन-फोर्टी! लिहून ठेवा!” मग त्यांनी धैर्यशीलच्या तोंडात पेढा भरवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “वैजयंती, माझा होकार आहे.”

“माझा नाही,” मी म्हटलं.

आबांचा हात पेढ्यासकट हवेत राहिला. “का? काय कमी आहे त्याच्यात?”

“काही कमी नाही, आबा. तुमच्यापेक्षा तसूभरही कमी नाही.”

हे त्यांनी कौतुक म्हणून घेतलं आणि आणखीच गोंधळले. धैर्यशील मला बाजूला घेऊन गेला. त्याचा चेहरा इतका पडला होता की मला त्याची दया आली.

“वैजू, अगं, हे सगळं मी तुझ्यासाठीच केलं ना? तूच तर शिकवलंस.”

“मी तेल शिकवलं होतं,” मी म्हटलं. “उतरायला सांगणं तुझं तू शिकलास.”

त्याला ते कळलं नाही. अजूनही कळलं नसावं. पुढे त्यानं गाडी घेतली, लग्न केलं, आणि आबांकडे दर दिवाळीला येत राहिला. दोघं अंगणात बॉनेट उघडून उभे राहायचे. आबांनी पुढे कितीही केलं तरी साडेअठरा परत आले नाहीत. तेलात भेसळ व्हायला लागली, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

याला आता बरीच वर्षं झाली. गाडी मी पस्तिशीत शिकले. क्लचचं वाटोळं करूनच शिकले. मागच्या मे महिन्यात दोघांना घेऊन पाचगणीला चालले होते. आई शेजारी, आबा मागे. वय झालंय, पण वाईपर्यंत त्यांनी दोनदा विचारलं, “किती देते?” आणि मी दोनदा सांगितलं, “बघितलं नाही.” त्यावर त्यांनी पुण्याच्या त्या डॉक्टरकडे बघितलं होतं तसंच माझ्याकडे बघितलं.

पसरणीचा तो चढ दिसला, आणि आईचा हात आपोआप पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे गेला. दुसरा दाराच्या कडीवर. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. आईनं माझ्याकडे बघितलं, मग कडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

मागून आबा खाकरले. “ऐकलंस का गं, चढ आलाय. जरा...”

आईनं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

“तुम्हाला उतरायचंय का?” तिनं विचारलं. “थांबवेल ती.”